सायलेन्सर पुन्हा बसवताना : मारुती ८००, गुहागर

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसरा. सकाळी गाडी धुतली, झेंडूची माळ घातली आणि मागच्या बंपरखालचा चिखल काढताना सायलेन्सर हातानं हलवून बघितला. हललाच नाही. सायलेन्सर रबरांवर टांगलेला असतो, हात लावला की थोडा डुलायला हवा. हा खांबासारखा ताठ. हे काम आता मीच करणार आणि जे करेन ते तारखेवार लिहून ठेवणार, असं तिथंच ठरवलं.

मागची हकिगत थोडक्यात. गाडी डिसेंबर २००९ ची, बाबांनी घेतलेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल किती द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. घर समुद्राला लागून, त्यामुळे लोखंड बारा महिने खारं वारं खातं. ऑगस्टच्या शेवटी मधला पाइप आणि मागचा सायलेन्सर कुजून लोंबायला लागले. ७ सप्टेंबरला गणपती, गाडी तर हवीच, म्हणून घाईत एका दुकानात दिली. दोन तासांत ४,८०० रुपयांत काम झालं. त्या दिवसापासून साठच्या पुढे गेलं की तळातून घूं असा आवाज, खड्ड्यात धाडकन ठोका, आणि पेट्रोल एकोणीसवरून पंधरावर. परत नेली तर म्हणाले, "नवीन आहे, बसेल हळूहळू."

चौथी गोष्ट मी यात धरलीच नव्हती. चिपळूणला जाताना आईचं डोकं दुखायला लागलं होतं. ती मागे बसते. आम्हाला वाटलं गाडी लागते, वय झालं, रस्ता वळणाचा. आवळासुपारी दिली, लिंबू दिलं. काल वेळणेश्वरला मामांकडे सोनं द्यायला गेलो होतो, येताना ती म्हणाली, "काच उघडली की जास्तच होतं रे." काच उघडल्यावर बरं वाटायला हवं, जास्त कसं होईल? त्या एका वाक्यावर आज गाडीखाली शिरलो.

आधी गाडी उचलण्याबद्दल. आपल्याकडे चिरा हाताशी असतो म्हणून लोक गाडी सरळ चिऱ्यावर टेकवतात. जांभा दगड कधी भुगा होईल सांगता येत नाही, आणि खाली आपली छाती असते. गाडी लोखंडी स्टँडवर घेतली, चिरे फक्त चाकांना अडण म्हणून लावले.

खाली काय दिसलं ते दिसलं तसं लिहितो. सायलेन्सरचं मागचं एक रबर नाहीच, तिथं बांधकामाची तार पिळून घातलेली. म्हणून तो हलत नव्हता. उरलेली रबरं तिरकी ताणलेली. मधला पाइप मागच्या अ‍ॅक्सलच्या इतका जवळ की मध्ये बोट जात नाही. तिथं रंग उडून लोखंड चकाकतंय, ठोका तिथलाच. हँडब्रेकच्या केबलचं वरचं आवरण एका जागी वितळून पाइपाला चिकटलेलं. आणि शेपटी, म्हणजे धूर सोडणारं टोक, बंपरच्या आत चांगलं वीतभर आखूड. धूर गाडीच्या मागे नाही, गाडीच्या पोटाखाली सुटतोय. डिकीतलं स्टेपनी काढून बघितलं तर खालच्या पत्र्याला गंजाची दोन भोकं, एकातून करंगळी जाते. दाराचं रबरही कडक होऊन तडकलेलं.

चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि तिथला धूर गाडीच्या अंगाला चिकटून फिरत राहतो. मागच्या काचा उघडल्या की आतला दाबही उतरतो आणि भोकांतून, फटींतून तो धूर आत ओढला जातो. आई बरोबर सांगत होती.

१६ ऑक्टोबर, बुधवार

कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे गाडीच्या धुरातला विषारी वायू, मोजायचा हातातला मीटर मागवला, १,९०० रुपये. घरात म्हणाले, भोकं दिसली ना, मग बुजव. पण काम झाल्यावर ते खरंच झालं हे कशावरून म्हणायचं? आधीचा आकडा हवा.

२० ऑक्टोबर, रविवार

गळती कुठं कुठं आहे ते शोधलं. इंजिन बंद आणि गार. व्हॅक्युम क्लीनरची नळी उलटी, हवा फेकणाऱ्या तोंडाला लावली, दुसरं टोक सायलेन्सरच्या शेपटीत फडकं गुंडाळून बसवलं. भाच्यानं वरून क्लीनर चालू केला आणि मी खालून ब्रशनं भांड्यांच्या साबणाचं घट्ट पाणी प्रत्येक सांध्यावर लावत गेलो.

मधल्या पाइपाच्या वेल्डिंगवर बुडबुडे आले ते गाबोळीसारखे, म्हणजे माशाच्या अंड्यांसारखे, बारीक, चिकटून चिकटून, अख्ख्या गोलाईभर. वरून वेल्डिंग जाडजूड, कढीच्या ओघळासारखं, आणि आतून सगळं सच्छिद्र. पुढच्या सांध्यावर तर बुडबुडेसुद्धा नाहीत, साबणाचं पाणीच उडून माझ्या कपाळावर आलं. एवढी हवा तिथून सुटत होती.

जास्त पेट्रोलचा उलगडा इथंच झाला. इंजिनातून धूर सलग येत नाही, एकेक सिलिंडर सुटतो तसा धक्क्याधक्क्यानं येतो. दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी पाइपात दाब उतरतो आणि गळतीतून बाहेरची हवा आत शिरते. धुरात ऑक्सिजन किती उरला ते मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आसपास असं झालं की सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो वाढवून देतो. दुकानात मला प्लग बदलायला सांगितले होते. प्लगांचा काही दोष नव्हता.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

मीटर आला. एकटाच निघालो. आईच्या जागेवर मीटर ठेवला, मागच्या काचा अर्ध्या उघड्या, चिपळूण रस्त्याला पन्नासच्या वेगानं वीस मिनिटं. थांबून बघितलं : ४६ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४६ भाग.

जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ९ पीपीएम. एका तासासाठी ३५ मिलिग्रॅम, साधारण ३० पीपीएम. चिपळूणचा प्रवास तासाहून जास्तच होतो. या वायूला वास नसतो. आपल्याला येतो तो बाकीच्या धुराचा. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे थोडासुद्धा साठत जातो. डोकेदुखी आणि मळमळ ही त्याची पहिली लक्षणं, गाडी लागल्यासारखीच.

रस्त्याच्या कडेला बराच वेळ बसून राहिलो. दीड महिना आम्ही तिला आवळासुपारी देत होतो.

घरी येऊन आईला मीटर दाखवला. तिनं आकडा नीट बघितला आणि एवढंच विचारलं, "पोराला काही झालं नाही ना?" माझा मुलगा तिच्याशेजारी बसतो. दोघांना डॉक्टरांकडे नेऊन आणलं, दोघं ठीक आहेत. काम पुरं होईपर्यंत गाडीत कुणी बसायचं नाही, चिपळूणला एसटीनं जायचं.

२७ ऑक्टोबर, रविवार

सगळं उतरवलं. गंजलेल्या बोल्टांवर रात्रीच तेल मारून ठेवलं होतं, तरी चारपैकी दोन तुटले. ग्राइंडर चालवण्याआधी पेट्रोलची टाकी कुठं आहे ते बघून घ्यावं. ती मागेच असते आणि ठिणग्या लांबवर जातात. मी ओलं गोणपाट लावलं आणि मागचं कापकाम गाडीवर न करता पाइप उतरवून अंगणात केलं. दुकानात वेल्डिंग गाडीवरच केलं होतं, टाकीच्या पत्र्यावर शिंतोड्यांचे दाणे अजून आहेत. ते बघून अंगावर काटा आला.

आता पुढचा सांधा, कारण या सगळ्या कामात मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ८०० चं इंजिन आडवं बसवलेलं आहे. गाडी ओढताना आणि सोडताना ते पुढेमागे झुलतं. बॉनेट उघडून कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगा, डोळ्यांनी दिसेल. इंजिनाला जोडलेला पाइप त्याच्याबरोबर झुलतो, पण मागचा पाइप गाडीच्या तळाला टांगलेला. म्हणून या दोघांमधला हा सांधा घट्ट नसतोच. फट बुजवणारं गोल कडीसारखं गॅस्केट, त्यावर वाटीसारखी बसणारी फ्लँज, म्हणजे पाइपाची रुंद कड, आणि दोन बोल्टांना दोन जाड स्प्रिंगा. स्प्रिंगा दाब धरून ठेवतात आणि सांधा मनगटासारखा वळत राहतो.

दुकानदारानं दोन्ही स्प्रिंगा टाकून दिल्या होत्या. साधे बोल्ट, साधे नट, करकचून आवळलेले. गॅस्केट जुनंच, त्याचा एक तुकडा उडालेला. मनगटाला प्लॅस्टर घातल्यासारखं झालं. मग इंजिनाचं प्रत्येक झुलणं मागच्या पाइपात, तिथून रबरांत, तिथून तळाच्या पत्र्यात. घूं आवाज तोच, आणि वेल्डिंगला बारीक तडा गेलेला होता तोही त्यानंच.

सायलेन्सर काढून उलटा केला तर चहाचा कपभर तांबूस पाणी बाहेर आलं. वापरून दोन महिने झाले नाहीत! एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. बाजार, शाळा, जेटी अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत पाइप पुरता तापतच नाही आणि पाणी आत साठतं. त्यासाठी सायलेन्सरला तळाशी बारीक भोक असतं. या सायलेन्सरलाही होतं, पण जागेत बसावा म्हणून तो फिरवून वेल्ड केला होता. भोक आकाशाकडे.

आणि मधला पाइप कापल्यावर कड पांढरट दिसली. सव्वा इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड, पाण्याच्या नळाचं.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. काम नाही. ताई आली होती. सगळं ऐकून म्हणाली, "आई तर पूर्वी वाशिष्ठीचा पूल यायच्या आत झोपायची गाडीत." हे मी विसरून गेलो होतो.

सामान : पुढचं गॅस्केट, दोन स्प्रिंगा आणि बोल्ट, पाच रबरं, कंपनीचा मागचा सायलेन्सर. सगळं मिळून ३,७४० रुपये, चिपळुणात एकाच फेरीत मिळालं. मधला पाइप मात्र नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

गाडी वेलदूरला नेली, पाइपाचे तुकडे तात्पुरते क्लॅम्पनं जोडून, काचा बंद, एकटा, मीटर समोर. जेटीजवळ मच्छीमारी बोटींची कामं करणारे एक वेल्डर काका आहेत. त्यांच्याकडे आर्गॉन वेल्डिंग आहे, स्टेनलेसच्या कामांसाठी ठेवलेलं. त्यांनी नळाचा तुकडा हातात घेतला, फिरवला, नखानं खरवडला आणि म्हणाले, "ह्यातून पाणी न्यायचा, आग नाय." मग बाजूला नेऊन ठेवला. त्यांच्या शेडमध्ये जीआयवर वेल्डिंग होत नाही. जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळायला त्याहून कितीतरी जास्त उष्णता लागते, त्यामुळे वेल्डिंगच्या आधीच जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप. काकांनी तरुणपणी हे भोगलंय. शिवाय तीच वाफ वितळलेल्या धातूत अडकून भोकं ठेवते. माझी गाबोळी तिथूनच आली होती.

लोखंड की स्टेनलेस, यावर आमचा अर्धा तास गेला. साधं लोखंड स्वस्त आणि मूळ पाइपही तसाच. काकांचं म्हणणं, खाऱ्या वाऱ्यात दर तीन वर्षांनी हेच करायचं असेल तर कर. शेवटी ३०४ स्टेनलेसचा, दीड मिलिमीटर जाडीचा, जुन्या पाइपाच्याच आतल्या मापाचा घेतला. मोठा घेतला असता तर आवाज वाढला असता, बाकी काही नाही. दोन्ही टोकांना लोखंडी भागांशी जोड, तिथं ३०९ ची तार. स्टेनलेस आणि लोखंड जोडायला तीच लागते.

पाइप गाडीखाली धरला, अ‍ॅक्सलवरून जाणारं वळण खडूनं आखलं, काढला, दोन टाके मारले, परत लावला, परत काढला. असं पाच वेळा. पूर्ण वेल्डिंग टेबलावरच. टाके मारून झाल्यावर काका पाइप डोळ्यासमोर धरून आतून जेटीकडे बघायचे. गोल उजेड दिसला तर पुढे, चपटा दिसला तर टाका तोडून पुन्हा. सांध्यात पुढचा पाइप मागच्या पाइपाच्या आत जाईल असा बसवला, म्हणजे धुराला वाटेत कड लागत नाही. शिवण झाली तेव्हा एकावर एक नाणी तिरकी रचल्यासारखी दिसत होती. मजुरी आणि पाइप मिळून २,६०० घेतले. मी जास्त देत होतो, घेतले नाहीत.

१७ नोव्हेंबर, रविवार

गाडी परत स्टँडवर. यावेळी घाई अजिबात केली नाही.

पुढून मागे सगळं सैल लावत गेलो. गॅस्केट, स्प्रिंगा, मधला पाइप, सायलेन्सर. रबरं चढवताना साबणाचं पाणी वापरलं. तेल लावलं की लवकर चढतात, पण तेलानं रबर फुगतं आणि सडतं. सायलेन्सरचं भोक खाली आहे ना, हे दोनदा बघितलं. मग इंजिन सुरू करून पाच मिनिटं चालू दिलं आणि सगळं आपापल्या जागी बसल्यावर पुढून मागे आवळत गेलो. एक टोक आधी घट्ट केलं की उरलेला सगळा पीळ दुसऱ्या टोकाच्या रबरांवर येतो. दुकानात नेमकं तेच झालं होतं.

जागा सोडताना पाइप वाढतो हे धरावं लागतं. अडीच मीटर लोखंड दोनशे अंशांनी तापलं तर सुमारे सहा मिलिमीटर लांब होतं, स्टेनलेस त्याच्या जवळजवळ दीडपट. म्हणून गार असताना रबरं किंचित पुढे कललेली ठेवली; तापल्यावर सरळ होतात. अ‍ॅक्सलपाशी चार लोक मागे बसवून बघितलं, तरी दोन बोटं जागा उरते. शेपटी आता बंपरच्या दोन बोटं बाहेर.

हँडब्रेकची केबल नवीन. डिकीतली भोकं गंज खरवडून पत्रा लावून बंद केली, वर सीलंट. दाराचं रबर बदललं. धूर मागे सोडला तरी ही भोकं ठेवून चालणार नव्हतं.

साबणाची परीक्षा पुन्हा घेतली. एकही बुडबुडा नाही. भाच्यानं स्वतः खाली येऊन खात्री केली.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. आदल्या दिवशी संध्याकाळी मी एकटा तोच रस्ता, तोच वेग, मागच्या काचा तशाच अर्ध्या, मीटर आईच्या जागेवर ठेवून गेलो होतो. वीस मिनिटांनी ०. अर्ध्या तासानं ०. मीटर बिघडला की काय म्हणून घरी येऊन उदबत्तीच्या धुरात धरला, आकडा लगेच चढला. आज आईला मतदानाला गाडीनं नेलं. केंद्र दीड किलोमीटरवर, पण ती म्हणाली जरा फिरवून आण, म्हणून किनाऱ्यापर्यंत जाऊन आलो.

२४ नोव्हेंबर, रविवार

गरम-गार होऊन बोल्ट सैल पडतात, म्हणून आठवड्यानं तपासले. दोन पाव-पाव फेरा फिरले. धोपाव्याहून फेरीबोटीनं दाभोळला जाऊन आलो. बोटीवर चढताना रॅम्पची कड नेमकी सायलेन्सरला लागते, मागच्या वेळी खरचटला होता. यावेळी ओहोटीला मुद्दाम चढवली. लागला नाही. परत येताना मागून पत्र्याचा किणकिण आवाज, उष्णतेच्या ढालीचा एक स्क्रू सुटलेला. वायसर घालून बसवला. घरी आल्यावर तळाला गोड्या पाण्याचा फवारा.

९ डिसेंबर, सोमवार

गाडीला पंधरा वर्षं होताहेत, नोंदणीचं नूतनीकरण. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. त्यासाठी पीयूसी काढली. भारत स्टेज तीनच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमपर्यंत चालतो. ऑक्टोबरात, सायलेन्सर तसाच असताना, सहज मोजून घेतलं होतं तेव्हा ०.८४ आला होता. आता ०.१९ आणि १४२. धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर शाबूत होता, त्याला नीट धूर मिळत नव्हता एवढंच.

रत्नागिरीला आरटीओत गाडी दाखवली. शुल्क ५,००० रुपये, पर्यावरण कर वेगळा. तपासणाऱ्या साहेबांनी वाकून खाली बघितलं आणि वेल्डिंग कुणी केलं ते विचारलं. मी वेलदूर सांगितलं. पेट्रोल टाकीला टाकी मोजलं, साडेअठरा देते.

१५ डिसेंबर, रविवार

कुंभार्ली घाट चढून पाटणला आत्याकडे जाऊन आलो. वाशिष्ठीचा पूल यायच्या आत आई झोपली. मुलगा तिच्या मांडीवर मीटर ठेवून दर वळणाला मला "शून्य, बाबा" असं सांगत होता.

सकाळी निघताना गार हवेत गाडी अंगणात चालू ठेवली होती. खाली वाकून बघितलं तर सायलेन्सरच्या भोकातून पाण्याचा एक थेंब लोंबत होता. तो पडला, मातीवर काळा ठिपका उमटला, आणि मागून दुसरा आला.